जावा-येझदीचं जुनं इंजिन : कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी या चुका टाळा

जुनी येझदी घरी आली की नवा मालक पहिल्याच रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरसमोर बसतो. आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिनाचं चालणं) वर-खाली होतंय, मग एअर स्क्रू अर्धा फेरा इकडे. गाडी ओढत नाही, मग नीडलची क्लिप एक खाच वर. या गाड्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. म्हणजे सगळ्यात अलीकडच्या इंजिनातलं मूळ रबरसुद्धा आता कडक झालेलं असणार. ते तपासायचं सोडून जेटिंग (पेट्रोल सोडणारे कार्ब्युरेटरचे जेट बदलणं) करत बसणं ही या गाड्यांवरची सगळ्यात महागडी चूक आहे.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली पोकळी तयार होते आणि मिक्श्चर आत ओढलं जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील, म्हणजे हवा आणि ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्या आहेत. उजवीकडे डायनॅमो, डावीकडे प्रायमरी चेन आणि क्लच. डावं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल पिऊ लागतं. धूर दाट होतो, प्लग ओला राहतो, गिअरबॉक्समधली पातळी खाली जाते, त्यामुळे हा दोष लवकर सापडतो. उजवं सील मात्र फसवतं. तिथून कोरडी हवा आत येते आणि मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचे फेरे पटकन उतरत नाहीत, गरम झाल्यावर आयडलिंग आपोआप चढतं.

अशाच एका येझदी रोडकिंगचं उदाहरण घ्या. आयडलिंग चढतं म्हणून थ्रॉटल स्टॉप स्क्रू सैल केला, प्लग पांढरा येतो (पातळ मिक्श्चरची खूण) म्हणून मेन जेट मोठा टाकला. शहरात गाडी बरी चालली. खंबाटकीच्या चढावर फुल थ्रॉटलला पिस्टन जाम झाला. ब्लॉक उघडला तर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते. दोष ऑइलवर ढकलला, बोअरिंग करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) ओव्हरसाइझ पिस्टन घातला, आणि रनिंग (नवा पिस्टन बसेपर्यंतची जपून चाल) संपायच्या आतच गाडी पुन्हा जाम झाली. दुसऱ्यांदा डायनॅमो काढल्यावर सीलची कड नखाने तुटत होती. पिस्टन, बोअरिंग, गास्केट सगळं दोनदा, आणि मूळ कारण सगळ्यात स्वस्त भाग.

म्हणून प्रेशर टेस्ट आधी, बाकी सगळं नंतर. डायनॅमो उतरवा. दोन्ही एक्झॉस्ट नटांखाली जाड रबराच्या चकत्या घालून पोर्ट बंद करा, इनटेकवर रबर लावून पट्टी कसा. पिस्टन तळाशी आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून सिलिंडर आणि क्रँककेस एक होतात. प्लगच्या भोकात अडॅप्टर बसवून रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडा. २६० मिमी म्हणजे साधारण ५ पीएसआय, एवढं पुरे. सायकलचा किंवा टायरचा पंप लावू नका, जास्त दाबाने धडधाकट सीलही उलटतं. काटा पाच-सहा मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर उजवं सील, ब्लॉकखालचं गास्केट, क्रँककेसचा जोड यांवर साबणाचं पाणी फिरवा. डाव्या सीलसाठी गिअर ऑइल भरायच्या भोकात बुडबुडे येतात का ते पाहा. ही टेस्ट पास झाल्याशिवाय एअर स्क्रूला हात लावायचा नाही.

दुसरी चूक बोअरिंगनंतरची. लेथवाला ब्लॉक देतो तेव्हा पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. रिंग पोर्टवरून जाताना किंचित बाहेर फुगते आणि त्या कडेला अडकते. आधी टकटक आवाज, मग रिंगचा तुकडा. प्रत्येक पोर्टची वरची आणि खालची कड बारीक कानसीने किंवा ऑइलस्टोनने सुमारे अर्धा मिमी मोडावी, शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवावा. हे काम लेथवाल्याने केलं असेल असं धरून चालू नका, बोट फिरवून पाहा. नंतर ब्लॉक गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने घासा, पांढरं फडकं आतून काळं निघेनासं होईपर्यंत. पेट्रोलने धुतल्यावर होनिंगची (बोअर घासून गुळगुळीत करतानाची) वाळू मागे राहते.

पिस्टनचा क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) पिस्टनसोबतच्या कागदाप्रमाणे ठेवावा. कागद नसेल तर जुना ठोकताळा आहे, बोअरच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग). ६५ मिमीला तो अडीच थाऊच्या आसपास जातो, म्हणजे सुमारे ०.०६५ मिमी. “टाइट ठेवा, जास्त चालेल” हा सल्ला एअर-कूल्ड टू-स्ट्रोकला लागू नाही. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून गॅप मोजा, ०.२५ मिमीपेक्षा कमी नको. गजन पिनचे (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) सर्कलिप दर वेळी नवे.

पॉइंटची (ठिणगी पाडण्यासाठी उघडणारा इग्निशनचा संपर्क) गॅप ०.४ मिमी, आणि ती टायमिंगच्या (ठिणगीची वेळ) आधी. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जातं, त्यामुळे टायमिंग लावून झाल्यावर गॅप “जरा” हलवली तर सगळं पुन्हा. पॉइंटच्या दोन बाजूंना बल्ब जोडून इग्निशन ऑन करा, इंजिन चालतं त्याच दिशेने हाताने फिरवा. बल्ब लागतो तो क्षण पॉइंट उघडल्याचा. तो पिस्टन वरच्या टोकाच्या किती मिमी आधी यावा हे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहा आणि डायल गेजनेच मोजा. स्पोक घालून अंदाज घेणं बंद करा.

पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला ४० मिली, रनिंगमध्ये ५०. वेगळ्या डब्यात हलवून मगच टाकीत. “सेफ्टीसाठी” आणखी ऑइल ओतलं की जेटमधून तेवढंच कमी पेट्रोल जातं आणि मिक्श्चर उलट पातळ होतं.

आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल असलेल्या) पेट्रोलवरही इंजिनाला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या मेन जेटवर फुल थ्रॉटल धरून घाट चढू नका, एक-दोन नंबर मोठा जेट टाकून प्लग पाहा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामं करा.

जेटमध्ये तार घालू नका. आवाजासाठी सायलेन्सरचे बफल (आतला आवाज कमी करणारा भाग) काढू नका, खालचा जोर जातो आणि जेटिंगही बिघडतं. बफल काढायचे ते फक्त कार्बन साफ करायला.

आणि प्लगचा रंग आयडलिंगवर बघू नका. नवा प्लग, मोकळा रस्ता, फुल थ्रॉटल, मग इग्निशन बंद करून त्याच क्षणी क्लच दाबा आणि गाडी थांबवून तिथेच प्लग काढा. घरापर्यंत चालवत आणलेला प्लग शेवटच्या गल्लीचा रंग दाखवतो.