परदेशी घर बांधायला जाताय? सेवादौऱ्यातल्या या चुका टाळा

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, सेवादौऱ्याची घोषणा झाली की पहिला प्रश्न येतो, "निघायचं कधी?" "आपल्याला बोलावलंय कोणी?" हे विचारायचं मात्र राहून जातं. परदेशात घरं बांधायला आणि तिथल्या विद्यार्थ्यांना हातभार लावायला जाणाऱ्या गटांच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, विमानात बसण्याच्या कितीतरी आधी.

बायबलमधला नहेम्या यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधायला तिथे पोचला तेव्हा तीन दिवस काही बोलला नाही. मग रात्री मोजकी माणसं घेऊन त्याने पडका तट फिरून पाहिला आणि त्यानंतरच लोकांपुढे विषय काढला. काम सुरू झाल्यावर कितीतरी जणांनी आपापल्या घरासमोरचाच भाग उभारला, आणि तट ५२ दिवसांत पुरा झाला. दौऱ्याची आखणी करणाऱ्यांनी नहेम्याचा दुसरा आणि तिसरा अध्याय एकत्र बसून वाचावा, असं मला मनापासून वाटतं. आधी पाहणी, मग बोलणं, आणि काम तिथल्याच माणसांच्या हातात.

तारीख आधी, गरज नंतर

सुट्ट्या पाहून तारीख ठरते, तिकिटं निघतात आणि मग तिथल्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, कळवलं जातं की आम्ही येतोय, एखादं घर शोधून ठेवा. पाळक नाही म्हणत नाहीत. घाईघाईत एक कुटुंब निवडलं जातं, आणि त्याच्याहून गरजू शेजाऱ्याच्या मनात कायमची अढी बसते. कुटुंबाची निवड तिथल्या समितीने करावी, निकष सगळ्यांना आधी माहीत असावेत आणि गटाने त्यात ढवळाढवळ करू नये.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जमिनीचे कागद न पाहणं. प्लॉट दुसऱ्याच्या नावावर असेल तर तुम्ही बांधलेलं पक्कं घर शेवटी जमीनमालकाच्या पदरात पडतं आणि कुटुंब पुन्हा रस्त्यावर येतं. कागद कोणाच्या नावावर आहेत, ते तिथल्या वकिलाने तपासले आहेत का, हे विचारण्यात संकोच नको. उत्तर गोलमोल आलं तर पायाचा एकही दगड बसवू नका.

आता पैशाचं. १९९८च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उभ्या राहिलेल्या घरांचा कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. एक घर साधारण २,००० डॉलरमध्ये उभं राहत होतं. परदेशी गट आला की त्याच एका घरामागे प्रवासासकट साधारण ३०,००० डॉलर खर्च होत होते. घर परदेशी गटाने बांधलं की स्थानिक संस्थेने, यामुळे त्या कुटुंबांच्या आयुष्यात फरक पडल्याचं दिसलं नाही. हे आकडे वाचल्यावर मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. तरीही जाऊच नये, असं माझं मत नाही. भेटीगाठींतून जे नातं जुळतं ते नुसत्या पैशाने जुळत नाही. पण प्रवासावर जितका खर्च होणार, निदान तितकीच रक्कम साहित्य आणि स्थानिक मजुरीसाठी जमा झाल्याशिवाय निघू नका. जमत नसेल तर गट निम्मा करा.

साइटवर होणाऱ्या चुका

इथे मी स्वतः चुकलो आहे. काँक्रीट कालवताना फावडं जड जात होतं, म्हणून मी घमेलंभर पाणी जास्तीचं ओतलं. माल छान सैल झाला. गवंड्याने तो हातात घेऊन पाहिला, एक शब्द न बोलता सगळा बाजूला काढला आणि नव्याने कालवायला लावला. पाणी वाढलं की काँक्रीटची ताकद घटते, हे मला त्या दिवशी कळलं. हैतीत १२ जानेवारी २०१० रोजी ७.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा कच्चं काँक्रीट, ठिसूळ ब्लॉक आणि अपुऱ्या सळया हेच इमारती कोसळण्याचं मोठं कारण होतं. आपण ज्या घरात लहान मुलं झोपवणार आहोत, तिथे सोयीपुरतं पाणी घालायचं नसतं.

भिंत ओळंब्याबाहेर गेली तर काय? प्रत्येक थराला ओळंबा लावा. चूक दिसली की माल ओला असतानाच ब्लॉक काढून पुन्हा बसवा. "प्लास्टरमध्ये झाकून घेऊ" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, जाड प्लास्टर भिंत सरळ करत नाही. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळलेली हवीत. नुसती काटकोनात वाकवली तर भूकंपाच्या हादऱ्यात ती उघडतात. वादळी प्रदेशात छत भिंतीला पट्ट्यांनी बांधलेलं असलंच पाहिजे. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर टाकू नका, फळ्यांवर ठेवून झाका. गोणीत कडक गाठी झाल्या असतील तर ते सिमेंट वापरू नका, मग काम दिवसभर थांबलं तरी चालेल.

क्युरिंगचा हिशेब तर जवळजवळ प्रत्येक गट विसरतो. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, आणि त्याची ताकद २८ दिवसांची धरून मोजतात. गट बहुधा आठवड्याभरात परततो. मग पाणी मारणार कोण, पाणी येणार कुठून, त्याची मजुरी कोण देणार? हे निघण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा.

अंतिम शब्द गवंड्याचा. तुमच्या गटात सिव्हिल इंजिनिअर असला तरी त्याने आपलं म्हणणं आधी गवंड्याशी बोलावं, सगळ्यांसमोर नाही. स्थानिक मजुरांचा रोज बुडेल असं फुकटचं काम अंगावर घेऊ नका. त्यांना रोजावर ठेवा आणि तुम्ही त्यांचे बिगारी व्हा. घरातल्या माणसांनाही खुर्चीवर बसवून ठेवू नका. १९७६ साली सुरू झालेल्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधणाऱ्या संस्थेने पहिल्यापासून घरमालकाच्या स्वतःच्या श्रमाचा वाटा महत्त्वाचा मानला आहे. आपल्या हातांनी बांधलेल्या घरात माणूस आश्रित म्हणून राहत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत

शाळेचा तास बंद पाडून गाणी, खेळ आणि भेटवस्तूंचा कार्यक्रम करायचा, ही चूक अगदी प्रेमापोटी होते. परीक्षा तोंडावर असेल तर मुलांचं यात नुकसान होतं. आधी शिक्षकांना विचारा की मुलं कोणत्या इयत्तेत गळतात आणि का. कारण कधी माध्यमिकची फी असतं, कधी गणवेश, कधी बसभाडं. मदत तिथेच लागते.

मुलाला दत्तक पालक, म्हणजे दुरून त्याचा खर्च उचलणारा माणूस, मिळवून देणाऱ्या योजनांचा खरंच उपयोग होतो. अर्थतज्ज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी सहा देशांत अभ्यास करून २०१३ साली दाखवलं की अशी मदत मिळालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली. पण ही मदत वर्षानुवर्षं चालणारी असते. निरोपाच्या दिवशी डोळे भरून आलेले असताना "तुझ्या कॉलेजचं मी बघतो" असं एखाद्या मुलीला सांगू नका. ती ते विसरत नाही. पैसे शाळेमार्फत किंवा समितीमार्फतच द्या, कोणाच्या हातात रोख नाही. कोणी बाजूला घेऊन मदत मागितली तर "समितीशी बोलतो" एवढंच सांगा, आणि खरोखर बोला.

अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात सहज घातली जाते. ती टाळा. अशा आश्रमांतल्या कितीतरी मुलांचे आईवडील हयात असतात आणि गरिबीमुळे मुलं तिथे आलेली असतात. आठवडाभर लळा लावून निघून जाणारी माणसं त्यांना आणखी एक दुरावा देतात. हैतीच्या भूकंपानंतर ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपार नेऊ पाहणाऱ्या दहा अमेरिकन बॅप्टिस्ट स्वयंसेवकांना अटक झाली होती. त्यातल्या बहुतेक मुलांचे पालक जिवंत होते. मुलांसोबत एकट्याने थांबू नका, पालकांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

कागदपत्रं आणि साक्ष

पर्यटक व्हिसावर विनामोबदला कामही चालत नाही असे देश आहेत. दूतावासाकडून लेखी उत्तर घ्या. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस लागणार असेल तर ती प्रवेशाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. २०१६पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. धनुर्वाताची लस आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा, या दोन्हींशिवाय कोणालाही नेऊ नका.

घराच्या बदल्यात उपासनेला हजेरी मागू नका, सुचवूही नका. रेड क्रॉस आणि मदतसंस्थांच्या १९९४च्या आचारसंहितेतही मदतीआडून धर्माचा आग्रह नको असं म्हटलं आहे. कोणी आपणहून विचारलं तर मोकळेपणाने आपल्या विश्वासाची साक्ष द्या. ज्याला "नाही" म्हणता येतं त्याच्याच "हो"ला अर्थ असतो.

परतीचा दिवस आला आणि छत अपुरं राहिलं, तर रात्रभर जागून ते कसंबसं बसवू नका. पैसे समितीकडे ठेवा, गवंडी पुरं करतील. किल्ली देण्याचा सोहळा तुमच्यावाचून होऊ द्या. पहिला पावसाळा सरला की पाळकांना फोन करून छत गळतंय का, दार फुगलंय का, थोरली शाळेत जाते का, हे विचारा. दुरुस्तीसाठी थोडी रक्कम आधीच बाजूला काढलेली असली म्हणजे खरं उत्तर ऐकायची भीती वाटत नाही.