ऑनलाइन पोकर बंद झालाय, मग अडकलेले पैसे, टॅक्स आणि पुढचं खेळणं याचं काय करायचं

ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. 20 तारखेला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही, आपल्याकडे सोसायटीची मीटिंगसुद्धा एवढ्यात आटपत नाही. पोकरबाजी, अड्डा52 वगैरे पोकरच्या (पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ) सगळ्या ॲपनी पैशाची टेबलं लगेच बंद केली. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतायत म्हणून एकदा सगळं एकत्र लिहितोय.

आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका, ती म्हणजे "पोकर तर स्किल गेम आहे ना भाऊ". हा मुद्दा आधी चालायचा, तोही सगळीकडे नाही. सुप्रीम कोर्टाने 1968 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, पण पोकरवर हायकोर्टांचं कधी एकमत झालंच नाही. गुजरात हायकोर्टाने 2017 मध्ये पोकरला जुगार ठरवलं, मद्रासने 2023 मध्ये आणि अलाहाबादने 2024 मध्ये स्किल म्हटलं. नव्या कायद्याने हा वादच बाजूला सारलाय. गेम स्किलचा असो, नशिबाचा असो नाहीतर दोन्हीचा, पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेने ऑनलाइन खेळत असाल तर तो मनी गेम आणि तो बंद. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाहीये, शिक्षा आहे ती चालवणाऱ्याला (3 वर्षांपर्यंत जेल आणि 1 कोटीपर्यंत दंड), जाहिरात करणाऱ्याला (2 वर्षं, 50 लाख) आणि पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्याला. यातला शेवटचा नीट लक्षात ठेवा, खाली परत येणारे. आणि काही राज्यांचे कायदे वेगळे आहेत, तामिळनाडूच्या 2022 च्या कायद्यात खेळणाऱ्यालाही शिक्षा आहे, त्यामुळे चेन्नईत नोकरी करणाऱ्यांनी "प्लेयरला काही होत नाही" यावर विसंबून राहू नका.

आता कामाचं. जुन्या ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे राहिले असतील तर ॲप डिलीट करायच्या आधी काढून घ्या. केवायसी अर्धवट असेल तर ते पूर्ण करा, पैसे अडकायचं कारण बऱ्याचदा पॅन आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नाही एवढंच असतं. सपोर्टशी चॅटवर भांडत बसू नका, ईमेल करा, म्हणजे हातात लेखी काहीतरी राहतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिपॉझिट, विड्रॉल आणि कापलेल्या टीडीएसचं स्टेटमेंट त्याच दिवशी डाउनलोड करून ठेवा, कारण उद्या ॲपचा सर्व्हर बंद झाला तर टॅक्सवाल्यांना दाखवायला काहीच उरणार नाही.

टॅक्सचं गणित तसं सोपं आहे पण लोक उगाच घाबरतात किंवा उगाच बिनधास्त राहतात. वर्षभरात काढलेले पैसे अधिक वर्षअखेरची शिल्लक, त्यातून भरलेले पैसे आणि वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक वजा, जे उरेल ती निव्वळ जिंकलेली रक्कम. समजा 2025-26 मध्ये सुरुवातीला वॉलेटमध्ये 5,000 होते, 40,000 भरले, 65,000 काढले आणि शेवटी शिल्लक शून्य, तर झाले 20,000. त्यावर 30 टक्के म्हणजे 6,000 ॲपनेच टीडीएस म्हणून कापलेले असणार, रिटर्न भरताना वर 4 टक्के सेस म्हणजे अजून 240. तुमचं बाकी उत्पन्न शून्य असलं तरी दर 30 टक्केच, आणि दुसऱ्या ॲपवर घालवलेले पैसे यातून वजा होत नाहीत. आयटीआर-1 चालत नाही, आयटीआर-2 लागतो (धंदा असेल तर 3). भरायच्या आधी एआयएस (आयकर खात्याच्या साइटवरचा तुमचा वर्षाचा हिशेब) उघडून ॲपने किती दाखवलंय ते बघा, आकडा जुळला नाही की नोटीस आलीच म्हणून समजा.

आता खरा धोका. ॲप बंद झाल्यावर टेलिग्रामवर एजंट लोकांचा सुळसुळाट झालाय. "क्लब जॉइन करा, चिप्स घ्या, रेकबॅक देतो" वगैरे. (चिप्स म्हणजे डावात लावायच्या सोंगट्या, रेक म्हणजे खेळ चालवणारा डावातून कापतो तो वाटा आणि रेकबॅक म्हणजे त्यातला थोडा परत.) ॲप दिसायला फुकट चिप्सचं, पण एजंटला यूपीआय केलं की तो क्लबमध्ये चिप्स टाकतो आणि जिंकलात की तोच परत यूपीआय करतो. लोकांना वाटतं ॲपवर पैसे नाहीत म्हणजे कायद्यात बसत नाही. बसतं. पैशाच्या बदल्यात मिळणारी कॉइन्स, टोकन, क्रेडिट हे सगळं कायद्याने पैसे लावण्यातच धरलंय, आणि सर्व्हर परदेशात असला तरी गेम भारतात देताय म्हणजे कायदा लागू. एजंटगिरी करून मित्रांचे पैसे इकडून तिकडे फिरवत असाल तर तुम्ही खेळाडू राहिलाच नाहीत, वर म्हटलं ते देवाणघेवाणीचं कलम तुमच्यावर येऊ शकतं.

पण खेळाडूचं नुकसान बहुतेक वेळा जेलने होतच नाही, ते बँकेने होतं. एजंट तुम्हाला जिंकलेले 12,000 पाठवतो ते त्याच्या खात्यातून नाही, कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या भाड्याच्या खात्यातून येतात, आणि त्याच खात्यात कुणा आजोबांना फसवून काढलेले पैसेही आलेले असतात. ते आजोबा 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) तक्रार करतात, पोलीस पैशांचा माग काढत जातात आणि एक दिवस पेट्रोल पंपावर तुमचं यूपीआय फेल होतं. खातं फ्रीज, आत पगार, उद्या ईएमआय. तक्रार बऱ्याचदा दुसऱ्याच राज्यातली. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

असं झालं असेल तर शाखेत जाऊन तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा अॅक्नॉलेजमेंट नंबर, पोलीस स्टेशनचं नाव, आणि नेमक्या किती रकमेवर लियन आहे (म्हणजे किती रक्कम अडवून ठेवलीय). मग तपास अधिकाऱ्याला ईमेल करा, स्टेटमेंट जोडा आणि अख्खं खातं न अडवता फक्त वादातली रक्कम धरून ठेवायची विनंती करा. पैसे कशाचे होते ते खरं सांगा, "मित्राने उसने दिले" वगैरे गोष्टी रचू नका, वकील लावायची वेळ आली तर त्या गोष्टीच अंगाशी येतात. "पैसे द्या, खातं सोडवून देतो" म्हणणारे टेलिग्रामवर भेटतील, तिकडे फिरकू पण नका.

मग खेळायचं कुठे? फुकट चिप्सवर, ज्या परत पैशात बदलता येत नाहीत, तिथे बिनधास्त खेळा. सबस्क्रिप्शन घेऊन शिकायचं ॲपही चालतं, फक्त ती फी डावात लागता कामा नये. घरी मित्रांत खेळत असाल तर रेक घ्यायचा नाही, आपल्याकडे 1887 चा जुगार प्रतिबंध कायदा अजून आहे आणि जागेचे पैसे घ्यायला लागलात की तुमचा हॉल जुगाराचा अड्डा व्हायला वेळ लागत नाही.

खरे पैसे लावून समोरासमोर खेळायचं तर गोवा. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पोकर रूम आहेत, वय 21 पूर्ण पाहिजे, ओळखपत्र न्या, मोठ्या जिंकण्यावर तिथेही 30 टक्के कापतात. गोंयकारांना मात्र 1 फेब्रुवारी 2020 पासून आत खेळायला बंदी जाहीर झालीय. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचं वेगळं, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा काही राज्यांत लायसन्सवालं ऑनलाइन पोकर आहे, पण लोकेशन तपासतात, म्हणजे गणपतीला पुण्यात आलात की ते अकाउंट चालणार नाही.

पुढे काय? कायद्याविरुद्ध वेगवेगळ्या हायकोर्टांत गेलेल्या याचिका सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2025 मध्ये स्वतःकडे घेतल्या. मुद्दे दोन, स्किलच्या धंद्यावर सरसकट बंदी घालता येते का, आणि सट्टा-जुगार हा राज्यांचा विषय असताना केंद्राला असा कायदा करता येतो का. "निकाल आपल्या बाजूने लागणार" असे मेसेज फिरले की आधी सुप्रीम कोर्टाच्या साइटवर ऑर्डर बघा, यूट्यूबवर नको. आणि समजा उद्या पोकर उघडलंच, तरी 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 40 टक्के झालाय, तोही भरलेल्या पूर्ण रकमेवर. 100 रुपये टाकले तर टॅक्स जाऊन टेबलावर साधारण 71 रुपये येणार, त्यातून रेक, जिंकलात तर 30 टक्के. कंपनीने बोनस देऊन भरपाई केली तर ठीक, नाहीतर माझ्या मते छोट्या स्टेकवाल्याला हे गणित परवडणारं नाही, मग तो कितीही भारी खेळत असो.