दसरा ते शिमगा: कोकणात बादली-गोणीतली भाजी, कमी खर्चात

नवरात्र सरता सरता कोकणातला पाऊस माघारी फिरतो. त्यानंतरही आठ-पंधरा दिवस दुपारी गडगडून एखादी सर येते, पण धो धो कोसळण्याचे दिवस संपलेले असतात. घरच्या घरी, फार पैसे न घालवता भाजी करून बघायची असेल तर आताच सुरुवात करा. इथून शिमग्यापर्यंतचे महिने नवशिक्यासाठी सगळ्यांत सोपे. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारवा, बुरशी कमी, आणि विहिरीचं पाणी अजून गोडं. हौसेने जूनमध्ये रोपं लावणाऱ्यांची रोपं बहुधा कुजतात. त्यात त्यांच्या हाताचा दोष नसतो, हंगामाचा असतो.

आपल्याकडे परसू असताना बादली कशाला, असं गावाकडची माणसं विचारतात. याची दोन कारणं. एक, बऱ्याच घरांच्या आवारात वीतभर खणलं की पहार कातळावर खणखणते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जांभ्याची आपली माती आम्ल असते, उबदार आणि ओली असते, आणि अशा मातीत जिवाणूजन्य मर रोग मुरून बसतो. टोमॅटो, वांगी, मिरची फुलावर आली की एका दुपारी झाड हिरवंच्या हिरवं माना टाकतं आणि परत उठत नाही. जमिनीतला हा रोग काढून टाकणं घरगुती माणसाच्या हातात नाही. बादलीतली माती मात्र तुम्ही निवडलेली असते. बादलीत लागवड करण्याचा कोकणातला खरा फायदा हाच, म्हणून पैसे घालायचेच असतील तर ते मातीवर घाला. रंगीत कुंड्या आणि टॉनिकच्या बाटल्या पुढच्या वर्षी बघता येतील.

माती कुठली घ्यावी?

वांगी-मिरची-टोमॅटो कधी लावलेल्या वाफ्यातली अजिबात नको. आंबा-काजूच्या बागेतली वरची पालापाचोळ्याची माती उत्तम, नाहीतर भातखाचराच्या बांधालगतची. तिचे खडे चाळून काढा. दोन घमेली माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं काथ्याचा भुसा किंवा भाताचं तूस, हे प्रमाण नवशिक्याला पुरेसं आहे. तूस भात गिरणीवर सहसा फुकटात मिळतं. कोंडा मात्र मिसळू नका. तो मातीत आंबतो, तापतो आणि मुंग्या ओढतो. काथ्याचा भुसा ताजा असेल तर त्यात क्षार असतात, तेव्हा रात्रभर भिजवून पाणी ओतून द्या, पुन्हा एकदा तसंच करा. शहरात राहणाऱ्यांनी कोकोपीटची, म्हणजे दाबलेल्या काथ्याच्या भुशाची, पाच किलोची वीट घ्यावी. भिजल्यावर ती साठ लिटरच्या पुढे फुगते आणि बऱ्याच बादल्यांना पुरते.

शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल किंवा ढिगात हात घातल्यावर ऊब लागत असेल तर ते अजून कच्चं आहे. कुजलेलं खतही वापरण्याआधी उन्हात पातळ पसरून पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या हुमणीच्या अळ्या वेचून टाका, कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढेच पसरा. एकच हुमणी बादलीत राहिली तरी मुळं खाऊन अख्खं रोप आडवं करते. मातीचा आम्लपणा कमी करायला चुलीची चाळलेली राख वीस लिटरच्या बादलीला मूठभर मिसळा. राख लाकडाचीच हवी, चुलीत प्लास्टिक जाळलं असेल तर ती वापरू नये. मिश्रण पाणी शिंपडून गोणपाटाखाली आठवडाभर मुरू द्या, मग भरा.

तळाला खडीचा जाड थर घालायची पद्धत सगळीकडे दिसते. ती सोडून द्या. बारीक मातीतलं पाणी वरची माती पुरती भिजल्याशिवाय खडीत उतरत नाही, त्यामुळे चिखल उलट वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकांवर खापरीचा तुकडा किंवा नारळाच्या सोडणाची चोयटी ठेवली की झालं.

भांडी

घरात रंगकाम झालं असेल तर वीस लिटरच्या बादल्या धुऊन घ्या. तेलाचा पत्र्याचा डबाही चालतो, पण खाऱ्या हवेत तो एक-दोन वर्षांत गंजतो. सिमेंटची गोणी झटकून, धुऊनच भरा. उन्हाने ती एका हंगामात फाटू लागते, म्हणून जिथे ठेवायची तिथेच भरा. मासळी बाजारातले थर्माकोलचे खोके पालेभाजीसाठी फार सोयीचे. हलके असतात, उथळ असतात आणि उन्हात माती तापू देत नाहीत. मिठाचा अंश जाईपर्यंत ते दोन-तीनदा धुवा आणि भोकं स्क्रूड्रायव्हरने पाडा, तापलेल्या सळीने थर्माकोल जळून घाण धूर होतो. औषध फवारणीचे, रसायनांचे कॅन कितीही धुतले तरी भाजीला घेऊ नयेत.

तळाला करंगळी जाईल एवढी चार-पाच भोकं पाडा, आणि बादली चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर ठेवा, म्हणजे पाणी अडत नाही. ओली भरलेली वीस लिटरची बादली पंचवीस किलोच्या पुढे जाते. तेव्हा गच्चीवर मध्ये गर्दी नको, भिंतीच्या कडेने रांग करा.

गॅलरीवाल्यांनी दिशा बघावी. ऑक्टोबरनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो. दक्षिणेच्या गॅलरीत थंडीभर ऊन येतं, उत्तरेच्या गॅलरीत मार्च उजाडेपर्यंत जवळजवळ नाहीच. फळभाजीला सहा तास ऊन हवं, पालेभाजी तीन-चार तासांवर भागवते. उत्तरेकडे अळू आणि पुदिना लावा, तिथे मिरचीवर वेळ घालवू नका.

पहिल्या वर्षी काय लावायचं

लाल माठ, मुळा, मेथी, चवळी. आणि हौस म्हणून मिरचीची दोन रोपं. मिरचीचं तयार रोप घ्या आणि संध्याकाळी लावा. माझं ठाम मत आहे की टोमॅटोपासून सुरुवात करून निराश झालेली माणसं माठापासून सुरू करती तर आज भाजी खात असती.

लाल माठ महिन्याभरात ताटात येतो. बी बारीक असतं, म्हणून मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेकावं, वरून मातीची नुसती चिमूट. मुंग्या हे बी रातोरात वाहून नेतात, म्हणून खोक्याभोवती राखेची रेघ ओढा आणि वर ओलं गोणपाट टाका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसले की गोणपाट त्याच दिवशी काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी, लांबट होतात. उपटण्यापेक्षा बुडाशी दोन बोटं ठेवून कापा, पुन्हा फुटतो. अर्धा खोका आज पेरा आणि अर्धा दहा दिवसांनी, म्हणजे सगळं एकदम येऊन वाया जाणार नाही.

मेथी वाण्याच्या दुकानातली चालते. रात्रभर भिजवून पेरा. किनाऱ्यालगत रेतीत पेरून कोवळी असतानाच उपटली जाते ती समुद्र मेथी. तिला वीतभरही खोली लागत नाही. गोड्या पाण्याने धुतलेली रेती पसरट ट्रेमध्ये घातली तरी दहा-बारा दिवसांत ती जुडीजोगी होते. धने मात्र हाताने रगडून दोन फाकी करून पेरावे आणि आठ-दहा दिवस धीर धरावा. मुळ्याला वीतभरापेक्षा जास्त खोली हवी. उथळ खोक्यात पाला मिळेल, मुळा नाही. कोकणात मुळ्याच्या पाल्याची भाजी आवडीने खातात, तेव्हा तेही वाया जात नाही.

चवळीचं झुडपी वाण घ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण सदाबहार’ आपल्या हवेसाठीच काढलेला आहे. वीस लिटरच्या बादलीत तीन झाडं, जास्त नको. चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, म्हणून तिला खताची फारशी मागणी नसते.

टोमॅटो लावायचाच असेल तर एका बादलीत एकच झाड. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ (पानं आकसवणारा विषाणू रोग) आणि जिवाणूजन्य मर यांना दाद देत नाही. मिळाल्यास तोच घ्या. कोबी-फ्लॉवर पहिल्या वर्षी नको. अडीच-तीन महिने जागा अडते, अळ्या येतात आणि हाती एक गड्डा लागतो.

बियाणं कृषी सेवा केंद्रातून सीलबंद घ्या आणि पाकिटावरची मुदत वाचा. रंगीत औषध चोळलेलं बी उरलं तर ते स्वयंपाकघरात ठेवू नका. मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पाणी आणि खत

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओलं लागलं तर पाणी देऊ नका. द्यायचं तेव्हा तळातून गळेपर्यंत द्या. रोज तांब्याभर शिंपडल्याने वरची माती ओली आणि खालची मुळं तहानलेली राहतात. किनाऱ्यालगतच्या विहिरी होळीनंतर मचूळ होऊ लागतात. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसली, पानांच्या कडा करपल्या, तर कारण हेच समजा. अशा वेळी नळाचं किंवा साठवलेलं गोडं पाणी भरपूर ओतून क्षार धुऊन काढा. समुद्रावरचा थेट वारा येणाऱ्या ठिकाणी पानांवर मिठाचा थर बसतो. तिथे नारळाच्या झावळ्यांचा आडोसा करा आणि आठवड्यातून एकदा पानं धुवा.

खतासाठी दर पंधरा दिवसांनी मूठभर शेणखत किंवा चिमूटभर करंज पेंड वरून मिसळली तरी पालेभाजीचं भागतं. मासळी धुतलेलं पाणी वाया घालवू नका, पण ते चार-पाच पट पाणी घालून मातीतच ओता आणि वर माती ओढा, नाहीतर मांजरं रोपं उकरतील. सुक्या किंवा खारवलेल्या मासळीचं पाणी कधीच घालू नये.

वानरं, मावा आणि मर

वाडीवस्तीत राहणाऱ्यांना किडीपेक्षा वानरांची धास्ती जास्त, आणि ती रास्त आहे. बंदरावर मच्छीमारीचं जुनं जाळं मिळत असेल तर ते बांबूच्या चौकटीवर ताणून बांधा. जाळं जमिनीवर लोळू देऊ नका. त्यात धामण अडकून तडफडते, आणि धामण गेली की उंदीर वाढतात.

मावा, पांढरी माशी दिसली की पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण एक लिटर पाण्यात घुसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. मिरचीची पानं वळली, बोकडल्यासारखी झाली, तर फुलकिडे किंवा कोळी आहेत. आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा फवारणी करावी लागते, एकदा करून थांबू नका.

झाड हिरवं असतानाच मलूल झालं तर आधी माती बघा, कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही झाड उठत नसेल तर बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी धार सुटली तर तो जिवाणूजन्य मर रोग. त्याला औषध नाही. झाड मुळासकट काढून जाळा, कोयता धुऊन आगीवर धरा, आणि ती माती दुसऱ्या बादलीत मिसळू नका.

शिमग्यानंतर बादल्या रिकाम्या होतील. माती फेकू नका. उन्हात पसरून वाळवा, जुनी मुळं काढा आणि गोणीत भरून पागोळीपासून दूर, पडवीत ठेवा. उघडी राहिली तर पहिल्याच पावसात तिचा कस धुऊन जातो. मिरची-टोमॅटोची माती कुठल्या गोणीत आहे ते ऑइलपेंटने गोणीवरच लिहा. पुढच्या दसऱ्याला तिच्यात चवळी किंवा माठ घाला आणि मिरचीसाठी दुसरी गोणी सोडा.