गिरणीचा पट्टा आणि सहा अक्षरं

एस.वाय.बी.ए.ला असताना मराठीच्या अंतर्गत मूल्यमापनात १० गुणांना एक कविता लिहायची होती. अट एकच: मुक्तछंद नको, वृत्त किंवा छंद हवा. यंदा तुमच्यावर ही वेळ येणार असेल, तर माझे पंधरा दिवस कसे गेले ते सांगते.

विषय मला लगेच सापडला. आमची पिठाची गिरणी आहे, बाबा ती चालवतात, त्यांच्यावर लिहायचं. घोडं अडलं ते वृत्तापाशी. मनाचे श्लोक शाळेत पाठ केलेले, त्यांची चाल कानात पक्की, म्हणून मी भुजंगप्रयात घेतलं. ओळीत १२ अक्षरं आणि 'लगागा' चार वेळा, म्हणजे एक लघु (आखूड उच्चाराचं अक्षर), दोन गुरू (लांब उच्चाराची), पुन्हा एक लघु, दोन गुरू. चार दिवस झगडले. ओळी जमायच्या, पण त्यांत गिरणी कुठेच नसायची. 'जुने यंत्र' वगैरे असायचं. मग वहीत एकेक शब्द फोडून पाहिला तेव्हा कारण कळलं. भुजंगप्रयातात दोन लघु शेजारी येतच नाहीत आणि 'गिरणी'त 'गि' आणि 'र' दोन्ही लघु. माझ्या विषयाचं नावच त्या वृत्तात मावत नव्हतं. म्हणून वृत्त ठरवण्याआधी आपल्या विषयाचे दहाबारा शब्द लिहून काढा आणि त्यांचे लघु-गुरू मांडा. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते मी आधी केलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "अभंग करून बघ." मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. इथे लघु-गुरू बघायचं नाही, नुसती अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे 'पट्टा'ची अक्षरं दोन. (आठ-आठ अक्षरांचा लहान अभंगही आहे, पण तो मी करून पाहिलेला नाही.)

'गिरणीचा पट्टा' ही बरोबर सहा अक्षरं. पुढे 'फिरे दिवसभर' लिहिलं, तर सात झाली. 'दिनभर' केलं की सहा होतात, पण आमच्या घरात दिनभर कुणी म्हणत नाही. रात्री जेवताना आजी बाबांना म्हणाली, "दिसभर उभा असतोस, जरा बस." शब्द समोर बसून जेवत होता! आजीने जात्यावर दळलंय, ओव्या म्हटल्यात. अक्षरं न मोजताही तिचे शब्द चालीत बसतात. तुमच्या घरात असं कुणी असेल तर शब्दकोश उघडण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा.

पहिला खर्डा असा होता:

गिरणीचा पट्टा । फिरे दिसभर ।
पीठ केसांवर । बापाचिया ॥

मॅडमनी 'बापाचिया'भोवती गोल केला. "घरी काय म्हणतेस?" मी म्हटलं, बाबा, आणि अरे-तुरे करते. "मग हा शब्द संतांचा आहे, तुझा नाही." मला आधी वाईट वाटलं, कारण अभंग म्हटला की असंच लिहायचं असतं अशी माझी समजूत होती. पण छंद जुना असला म्हणून भाषाही जुनी लागते असं नाही. दुसऱ्या दिवशी ते असं झालं:

गिरणीचा पट्टा । फिरे दिसभर ।
बाबा, केसांवर । पीठ तुझ्या ॥

शेवटच्या चार अक्षरांकडे जास्त लक्ष द्या. तीन चरणांच्या वेगानंतर तिथे आवाज थांबतो, त्यामुळे तिथला भरतीचा शब्द लगेच उघडा पडतो. आणि मोजणी बोटांवर, मोठ्याने म्हणत करा. कागदावर नुसतं बघून मोजताना माझी अक्षरं दोनदा चुकली.

वही द्यायच्या आदल्या रात्री गिरणी बंद झाल्यावर बाबांना कडवं वाचून दाखवलं. ते हात झटकत ऐकत होते. मग म्हणाले, "दगडाचं काही नाही का यात?" दगड गुळगुळीत झाले की पीठ जाड पडतं, म्हणून ते रात्री बसून दगडाला टाकी लावतात, म्हणजे ठोकून तो पुन्हा खरबरीत करतात. लहानपणापासून तो टक-टक आवाज ऐकतच मी झोपत आले आहे. त्याच रात्री दुसरं कडवं लिहिलं:

दगडाला टाकी । लावतोस रात्री ।
झोपेतही खात्री । तुझी मला ॥