घराशेजारचा दुसरा प्लॉट आणि भावाचा एसएसआय

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. अमेरिकेत त्याला एसएसआय मिळतो, म्हणजे कमी उत्पन्न आणि मालमत्ता असलेल्या अपंगांना आणि वृद्धांना सरकारकडून दरमहा मिळणारे पैसे. बाबा गेले आणि राहतं घर आणि एक रिकामा प्लॉट त्याच्या नावावर आला. सगळे नातेवाईक एकच सांगू लागले, "प्लॉट ताईच्या नावावर करून टाका." कृपा करून हे करू नका. जमीन फुकट किंवा बाजारभावापेक्षा कमी किमतीत दिली, तर एसएसआय ३६ महिन्यांपर्यंत बंद होऊ शकतो.

आधी मंजुरीचं पत्र काढून लाभ कुठला ते बघा. एसएसडीआय म्हणजे अपंगत्वाचा सरकारी विमा; तो नोकरीत भरलेल्या करावर मिळतो, त्यात जमीन बघत नाहीत. एसएसआयला मात्र मालमत्तेची मर्यादा आहे: एकट्याला २,००० डॉलर, जोडप्याला ३,०००. १९८९ पासून हा आकडा तसाच आहे, याचा मला आजही राग येतो.

मग जमिनीचा नकाशा घेऊन बसा. राहतं घर मोजत नाहीत. त्याला लागून असलेली आपलीच जमीनही मोजत नाहीत, मग ती कितीही एकर असो. मधून सार्वजनिक रस्ता किंवा ओढा गेला तरी चालतं. दुसऱ्याची जमीन मध्ये आली की मात्र तुकडा वेगळा धरतात. आमच्या घराच्या आणि प्लॉटच्या मध्ये शेजाऱ्यांचं अंगण होतं. तेवढ्यानं प्लॉट हिशेबात आला. गावाकडच्या सातबाऱ्यावर नाव असेल तर तेही सांगा. विकता येण्याजोगा हिस्सा परदेशातला असला तरी मोजतात.

किंमत धरताना बाजारभावातून त्या जमिनीवरचं कर्ज वजा होतं. स्वतःच्या धंद्यात वापरात असलेल्या जमिनीला सूट आहे.

आम्ही प्लॉट विकायला काढला. बाकी शिल्लक फारशी नसेल, तर विकण्याचा लेखी करार करून ९ महिन्यांपर्यंत पैसे चालू राहतात; विक्री झाली की त्यातून ते परत करायचे. मनापासून प्रयत्न करूनही गिऱ्हाईक आलं नाही, तर प्रयत्न चालू असेपर्यंत ती जमीन मोजत नाहीत. म्हणून प्रत्येक जाहिरात, एजंटचा प्रत्येक ईमेल जपून ठेवा. मी एक वेगळी फाईलच केली होती.

विक्रीचे पैसे कुठे ठेवायचे, हे सौद्याआधीच ठरवा, कारण शिल्लक महिन्याच्या पहिल्या तारखेला बघतात. एबल खातं म्हणजे अपंग व्यक्तीसाठीचं खास बचत खातं; त्यातले १,००,००० डॉलरपर्यंत मोजत नाहीत, पण त्यात वर्षाला भरायच्या रकमेला मर्यादा आहे. उरलेल्यासाठी स्पेशल नीड्स ट्रस्ट लागतो, म्हणजे अपंग व्यक्तीचे पैसे तिच्यासाठी दुसऱ्यानं सांभाळायची कायदेशीर सोय. तो या कामातल्या वकिलाकडूनच करून घ्या. आणि जमिनीत काहीही बदल झाला, की पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत सोशल सिक्युरिटीला (एसएसआय देणाऱ्या सरकारी कार्यालयाला) कळवून पोच घ्या.