हेरिटेबिलिटीचा आकडा शेतातच बिघडतो

एमएस्सीला पैदासशास्त्र घेतलेल्यांना हेरिटेबिलिटीचं सूत्र पाठ असतं. घोळ त्याआधी होतो. रब्बी ज्वारीची उंची घ्या. ताटांमधला फरक काही वाणाचा असतो, काही ओल, खत आणि जमिनीच्या खोलीचा. हेरिटेबिलिटी म्हणजे या एकूण फरकातला वाणाचा वाटा, तोही त्या शेतापुरता आणि त्या हंगामापुरता.

आरबीडी (प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळे वाण चिठ्ठ्या टाकून लावण्याची प्रयोगरचना) आखताना आधी उतार पाहा. ब्लॉक उताराला आडवे पाडा, म्हणजे वरची हलकी जमीन एका ब्लॉकमध्ये जाईल, खालची भारी दुसऱ्यात. उभे पाडलेत तर जमिनीचा फरक एररमध्ये, म्हणजे वाण आणि ब्लॉकने न उलगडणाऱ्या फरकात, शिरतो आणि वाणाचा वाटा उगाच कमी दिसतो. अंतर ४५ बाय १५ सेंमी. नांगे (न उगवलेल्या ताटांच्या रिकाम्या जागा) राहू देऊ नका, शेजारचं ताट मोकळ्या जागेवर फोफावतं. कडेच्या ओळी सोडून प्रत्येक प्लॉटमधल्या पाच ताटांना फुलोऱ्याआधीच लेबल लावा. मोजायच्या दिवशी निवडायला गेलं की हात चांगल्या ताटाकडेच जातो. पक्वतेला जमिनीपासून कणसाच्या टोकापर्यंत मोजा. एक ब्लॉक एकानेच मोजावा.

या पाच ताटांची सरासरी काढून तीच ॲनोव्हात (एकूण फरक कारणांनुसार वाटणाऱ्या गणितात) भरा. एका वाणाची तीन रेप्लिकेशनमधली (तीन ब्लॉकमधल्या पुनरावृत्तींमधली) १५ ताटं म्हणजे १५ रेप्लिकेशन नव्हेत. ही चूक छापून आलेल्या प्रबंधांतही सापडते.

समजा ॲनोव्हात वाणांचा मीन स्क्वेअर (त्या कारणाने येणाऱ्या फरकाचं माप) ४५० आला, एररचा ९०. रेप्लिकेशन तीन, म्हणून (४५० − ९०) ÷ ३ = १२० हा जनुकीय व्हेरियन्स, म्हणजे वाणामुळे येणारा फरक. प्लॉटच्या पायावर १२० ÷ (१२० + ९०), म्हणजे ५७ टक्के. वाणांच्या सरासरीच्या पायावर भाजकात ९० ऐवजी ३० (९० ÷ ३) येतात आणि उत्तर होतं ८० टक्के. दोन्ही बरोबर, पण कुठला पाया घेतला ते लिहिलं नाही तर व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) अडकाल. वरचे पाच टक्के निवडले तर जेनेटिक ॲडव्हान्स, म्हणजे निवडीने अपेक्षित सुधारणा, २.०६ (पाच टक्के निवडीचा ठरलेला गुणक) × √२१० × ०.५७, साधारण १७ सेंमी. जनुकीय व्हेरियन्सचं उत्तर ऋण आलं तर शून्य धरतात.

एकाच हंगामाच्या प्रयोगात वाण आणि हवामान यांची परस्परक्रिया त्या १२० मध्येच लपलेली असते, त्यामुळे आकडा फुगतो. किमान दोन ठिकाणं किंवा दोन हंगाम हवेत. विषय ठरवतानाच गाइडकडे दुसऱ्या संशोधन केंद्रावरचा प्लॉट मागून घ्या. पेरणी झाल्यावर तो मिळत नाही.