एरापची गोष्ट देवळापुढच्या मंचावर कशी सांगावी

फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादा, लोकांच्या तोंडी एराप, यांच्यावरचं चाळीस मिनिटांचं एकपात्री मी फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी उत्सवात दोनदा केलं. तेव्हापासून नाटकवाली मुलं संहिता मागायला येतात. संहिता देऊन उपयोग नाही, ती माझ्या तोंडाची आहे. पण बांधायची कशी, ते सांगतो.

मी तारवटी. वीस वर्षं मालवाहू जहाजावर स्टुअर्ड होतो आणि निम्मे खलाशी फिलिपिनो. २००१ च्या जानेवारीत आमच्या मेसमध्ये एकाच केबिनमधले दोघे आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. एक म्हणे, एराप चोर. दुसरा म्हणे, एराप आमचा. दोघांची ताटं मीच वाढत होतो. तुमच्या प्रयोगात ही दोन्ही माणसं शेवटपर्यंत जिवंत राहिली पाहिजेत. एकालाही खोटं पाडायचं नाही, हे पहिल्या तालमीपासून डोक्यात ठेवा.

सुरुवात राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यापासून करू नका. सुरुवात नावांपासून करा. या माणसाची चार नावं आहेत आणि त्याचं सगळं आयुष्य त्या चार नावांत बसतं. जन्म १९ एप्रिल १९३७, मनिलातल्या तोंदो या गरीब वस्तीच्या भागात. पाळण्यातलं नाव होसे मार्सेलो एहेर्सितो. घर मात्र गरीब नव्हतं, खाऊनपिऊन चांगलं सुखी होतं. ही गोष्ट लपवू नका, पुढे फार कामाला येते. शिक्षण अर्धवट टाकून तो सिनेमात गेला, घरच्यांना ते रुचलं नाही, म्हणून आडनाव सोडलं. एहेर्सितो म्हणजे स्पॅनिशमध्ये सैन्य. त्याने घेतलेलं एस्त्रादा म्हणजे रस्ता. आपल्याकडे पोर्तुगीज शाळेत शिकलेली जुनी माणसं अजून आहेत, त्यांना हा शब्द सांगावाच लागत नाही. आमच्या पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी माझ्याआधी तो मोठ्याने म्हटला होता.

तिसरं नाव एराप, आणि इथे मी पहिल्या वेळी चुकलो. तिकडे मित्राला ‘पारे’ म्हणतात. रोमन लिपीत ते पी, ए, आर, ई असं चार अक्षरांत लिहितात. उलट वाचलं की एराप. देवनागरीत हे जुळत नाही, ‘पारे’ उलटलं तर ‘रेपा’ होतं. मी नुसतं बोलून दाखवलं आणि मांडव गप्प बसला. दुसऱ्या प्रयोगाला चार पुठ्ठ्यांवर चार रोमन अक्षरं रंगवली, शाळेतली चार मुलं उभी केली आणि पेटीच्या एका सुरावर त्यांना जागा बदलायला लावल्या. लहान पोरांनासुद्धा कळलं. ‘पारे’चं भाषांतर ‘मित्र’ असं करू नका. तो शब्द स्पॅनिश कोंपाद्रेतून आला आहे, आणि आपला कुंपार त्याच घराण्यातला, पोर्तुगीज वाटेने आलेला. कुंपार म्हणा. गोव्यात दुसरा शब्द नको.

‘तो’ आणि ‘ते’ यांचा हिशेब आधीच लिहून ठेवा. माझ्या प्रयोगात चाहते बोलतात तेव्हा ‘तो’, न्यायाधीश आणि वर्तमानपत्रं बोलतात तेव्हा ‘ते’. या एका अक्षराने कोण बोलतंय ते कळतं, आवाज बदलण्याची कसरत लागत नाही. मेकअपमध्ये जाड मिशी आणि मागे वळवलेले केस एवढंच पुरे.

सिनेमाच्या भागाला सात-आठ मिनिटं द्या. शंभरावर चित्रपट आहेत, सगळे सांगायला गेलात तर यादी होते. मी एकच घेतो, १९६१ चा ‘आसियोंग सालोंगा’, तोंदोतल्या एका खऱ्या गुंडावरचा. गोवा मुक्त झाला ते साल, त्यामुळे प्रेक्षकांना काळ लगेच सापडतो. पडद्यावर तो पुन्हापुन्हा हमाल, गुंड, रस्त्यावरचा माणूस झाला आणि शेवटी गरिबाच्या बाजूने उभा राहिला. लोकांनी त्या भूमिकांवर आधी विश्वास ठेवला, मतं नंतर दिली. १९७४ मध्ये सिनेमा कामगारांच्या मदतीसाठी त्याने मोवेलफंड ही संस्था काढली, हेही सांगा. चोर म्हणणाऱ्या माणसालाही ते ऐकू द्या.

मनिलाजवळच्या सान हुआनचा महापौर १९६९ ते १९८६, मग सिनेटर, मग १९९२ पासून उपराष्ट्राध्यक्ष. हा सगळा प्रवास दोन मिनिटांत उरका. थांबायचं ते एकाच ठिकाणी, १६ सप्टेंबर १९९१ ला. अमेरिकेचे लष्करी तळ ठेवायचे की नाही यावर सिनेटमध्ये मतदान झालं आणि नाही म्हणणाऱ्या बारा जणांत हा होता. परक्यांची सत्ता गेलेली पाहिलेल्या आपल्या लोकांना त्याचं वजन वेगळं समजावून द्यावं लागत नाही. मग १९९८. ‘एराप पारा सा माहिराप’, म्हणजे एराप गरिबांसाठी, ही घोषणा मूळ भाषेतच म्हणा, तिचं यमक कानाला लागतं. त्या घोषणेवर सुमारे ४० टक्के मतं मिळाली आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले.

आता जुगार. ‘हुएतेंग’ असा उच्चार करा. १ ते ३७ मधले दोन आकडे लावायचे, घरोघर फिरून पैसे गोळा करणारा माणूस असतो, खेळ बेकायदेशीर आणि गल्लोगल्ली चालणारा. गोव्याच्या माणसाला ‘मटका’ एवढंच सांगा, पुढे जा. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचेच एकेकाळचे सोबती, गव्हर्नर चाविट सिंगसन यांनी आरोप केला की या जुगाराचा पैसा राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचतो. त्यातून महाभियोग उभा राहिला.

जीव ओतायचा तो खटल्याच्या प्रवेशात. डिसेंबरमध्ये एका बँकेच्या अधिकारी बाईंनी साक्ष दिली की राष्ट्राध्यक्षांनी ‘होसे वेलार्दे’ अशी सही करताना आपण अगदी शेजारून पाहिलं. हे चौथं नाव. इथे घाई करू नका. टेबलावर कागद ठेवा, पेन उचला, सही करा, मग प्रेक्षकांकडे बघा. नट टोपणनावानेच जगतो, त्यात वावगं काही नाही; हीच सवय खातेवहीत आली तेव्हा तिचा अर्थ बदलला. मी हे वाक्य बोलत नाही, सही संपल्यावर दहा सेकंद थांबतो.

मग १६ जानेवारी २००१. खटल्यात आलेलं पुराव्याचं बंद पाकीट उघडायचं की नाही? सिनेटर ११ विरुद्ध १० मतांनी नाही म्हणाले. हे आकडे नुसते बोललात तर विरून जातात. मी आधी २१ पणत्या लावून ११ विझवायचं ठरवलं होतं. महाजनांपैकी एकाने शांतपणे सांगितलं, देवळापुढे पणती विझवणं बरं नाही. बरोबरच होतं त्यांचं. मग २१ नारळ आणले. एकेक नाव न घेता डावीकडे, उजवीकडे ठेवत जायचं. दहा-दहा झाल्यावर शेवटचा हातात धरून थांबायचं. तो डावीकडे ठेवला की मध्यभागी पाकीट तसंच बंद पडलेलं असतं. दुसऱ्या प्रयोगाला मागून एक बाई ओरडल्या, “अगो, उघडा तें!” त्या रात्री मनिलात असंच झालं. टीव्हीवर पाहणारी माणसं मोबाईलवरून एकमेकांना निरोप धाडत एड्सा या हमरस्त्यावर जमली. चार दिवसांनी, २० जानेवारीला, एराप राजवाडा सोडून पासिग नदीतून बोटीने निघाले. फेरीबोटीच्या धक्क्यावर वाढलेल्या आपल्या माणसाला नदीतून जाणं दाखवायला दिव्याची एक निळी काच पुरते.

बहुतेक जण इथे पडदा टाकतील. टाकू नका. एप्रिलमध्ये त्यांना अटक झाली तेव्हा त्याच एड्सावर दुसरी गर्दी आली, झोपडपट्टीतली, त्यांच्यासाठी रडणारी. १ मे रोजी ती राजवाड्यावर चालून गेली, त्यात माणसं मेली. त्या केबिनमधला दुसरा, ‘एराप आमचा’ म्हणणारा, मनाने याच गर्दीतला. त्याला मंचावर पूर्ण पाच मिनिटं द्या, त्याच्या बोलण्यात टीका घुसडू नका.

उरलेलं झपाट्याने: १२ सप्टेंबर २००७ ला न्यायालयाने लुटीच्या गुन्ह्यात जन्मठेप दिली, ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जागी आलेल्या ग्लोरिया आरोयो यांनीच माफी दिली, २०१० ला ते पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहून दुसरे आले, २०१३ ला मनिलाचे महापौर झाले, आणि २०१९ ला ज्या इस्को मोरेनोंनी हरवलं तेही तोंदोचे आणि आधी नटच.

शेवटचं वाक्य मी चाहत्याच्या आवाजात म्हणतो, ‘तो’ धरून, आणि पाकीट बंदच ठेवून आत जातो. तालमीला पंधरा दिवस हवेत, नारळांच्या प्रवेशाला त्यातले पाच. प्रयोग झाल्यावर नारळ देवळाच्या स्वयंपाकघरात देऊन टाका, दुसऱ्या दिवशीच्या महाप्रसादाला लागतात.